पावणेचार हजार

सांतियागो ते मातावेरी : पावणेचार हजार किलोमीटर.
ऑफिसातल्या फळ्यावर खडूनं लिहिलंय.
कुणी पुसत नाही, कारण ते बदलत नाही.
त्याखाली वेळ : जाताना पावणेपाच तास,
येताना साडेपाच.
वारा पश्चिमेचा. जाणाऱ्याला ढकलतो,
येणाऱ्याच्या छातीवर हात ठेवतो.

मी तेरिकी. धावपट्टीवरचे घोडे हाकलणं हे माझं काम.
हसू नका.
या बेटावर माणसांइतके घोडे असतील,
आणि कुंपण त्यांना कळतं, पण पटत नाही.

कोरो, म्हणजे माझे वडील,
मोतीबिंदू काढायला निघाले तेव्हा विचारत होते,
"किती लांब?"
मी आकडा सांगितला. तो कानावरून गेला.
"म्हणजे किती रात्री?"
"एकही नाही. पाच तास."
ते बराच वेळ गळाची दोरी गुंडाळत राहिले.
"मग ते लांब नाही," म्हणाले,
"नुसतं महाग आहे."

आज ते परत येतायत.
तिकडून साडेनऊला विमान सुटलं,
आमच्याकडे तेव्हा साडेसात,
कोंबडे अजून भांडत होते.
सव्वादहाला टॉवरमधून पाओआ बोलला,
"गेलं खुणेपलीकडे."

ही खूण पाण्यावर कुठंच नाही.
ती टाकीतल्या इंधनात असते.
तिच्या अलीकडे असताना मागं फिरता येतं.
पलीकडे फक्त आम्ही :
एक धावपट्टी, दोन्ही टोकांना समुद्र,
आणि दुसरी कुठली म्हणाल
तर अडीच हजार किलोमीटरवर.
सव्वादहानंतर मी चहा पीत नाही.

पाऊण वाजता घोडी आली.
तांबडी, गाभण,
पट्टीच्या ऐन मधोमध, पांढऱ्या रेघेवर,
जणू रेघ तिच्यासाठीच ओढलेली.
जीपचा भोंगा वाजवला. टोपी फिरवली.
तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला,
आधी स्पॅनिशमध्ये, मग घरच्या भाषेत.
तिनं शेपटीनं एक माशी उडवली.
"तेरिकी," रेडिओतून पाओआ,
"तेरिकी, दिसतंय मला ते."
मलाही दिसत होतं. पूर्वेला,
तांदळातल्या खड्याएवढं.

खाली उतरलो. खिशात एक पेरू होता, सकाळचा.
तिनं हुंगला. विचार केला.
मग मी पुढं, ती मागं,
धावलो असतो तर ती थांबली असती,
म्हणून चाललो,
मिरवणुकीत चालावं तसा.
पावणेचार हजारांतले हे तीस मीटर
एवढ्या हळू कुणी कापले नसतील.
गवतात पोचलो आणि डोक्यावरून
सगळं आभाळ खरवडत गेलं.
ती पेरू चघळत होती.

एक वाजून चार मिनिटं.
शिडीवर कोरो : काळा चष्मा,
हातात पीचची पेटी, कुणालाही धरू देत नव्हते.
माझ्या बहिणीनं गळ्यात माळ घातली,
एक फूल चष्म्यात अडकलं.
मी विचारलं, "कसा झाला प्रवास? लांब वाटला?"

त्यांनी चष्मा कपाळावर सारला.
धुतलेल्या डोळ्यानं मला नीट पाहिलं,
पायापासून वर,
शर्टावरच्या लाळेपर्यंत.

"खिडकीतून दिसली," म्हणाले. "डाव्या पुठ्ठ्यावर पांढरा डाग.
आपलीच ना?
दोरी कुजलीय, जाताना सांगितलं होतं तुला."