तसराळं

लोतामध्ये, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर
आठ संगणक, त्यातले दोन मुके.
दर गुरुवारी मी शिकवायचो
कवितेची फिल्म कशी करायची.
नियम सोपा: एक ओळ, एक चित्र,
एका चित्राला चार सेकंद.
मला वाटायचं, कविता म्हणजे दोरी,
चित्रं वाळत घातली की झालं.

कविता मीच निवडलेली, अकरा ओळींची,
कुणाची ते कागदावर नव्हतं.
तिसरी ओळ अशी:
समुद्राला दार नसतं, तरी तो घरात येतो.

निबाल्दोनं धक्क्यावरून सीगल आणले,
मावळतीचे सतरा फोटो, सगळे तिरके.
यास्ना सोळा वर्षांची. तिची आई दूर उत्तरेत,
वाळवंटातल्या खाणीवर स्वयंपाकाला.
यास्नानं समुद्र घेतलाच नाही.
व्हिडिओ कॉलवर अडकलेला आईचा चेहरा घेतला,
तोंड अर्धं उघडं, मागे पातेली,
आणि मधोमध ते वर्तुळ, गरगर, गरगर.
मी म्हटलं, या ओळीत आई कुठे आहे?
ती म्हणाली, दार कुठे आहे ते सांगा आधी.

मी कॉफी ढवळत राहिलो. साखर घातलीच नव्हती.

एदुविहिसबाई एकाहत्तरच्या.
फोनचा कोपरा फुटका, बोटं सोड्यानं सोललेली.
सहाव्या गुरुवारी त्यांनी फाइल दिली.
चाळीस सेकंद. काळं. नुसतं काळं.
संगणकानं विचारलं:
या तुकड्यात चित्र नाही. काढून टाकू?
मीही तेच विचारलं, जरा गोड शब्दांत.
"आहे की चित्र," त्या म्हणाल्या. "आवाज वाढव."

पाणी होतं.
पण पाऊस नव्हे, लाट नव्हे.
जाड, गोल, टाळूच्या वरून चालणारं पाणी.

मग त्यांनी सांगितलं, कुणाची चेष्टा सांगावी तसं:
लग्नाला महिना झाला होता.
तो पाळी संपवून आला, पापण्यांत कोळसा.
मी विचारलं, खाली कसं असतं रे?
त्यानं मला नळाखाली बसवलं,
डोळ्यांवर टॉवेल बांधला,
डोक्यावर तसराळं उपडं घातलं
आणि नळ सोडला.
म्हणाला, असं.
आम्ही खाली कोळसा फोडतो
आणि समुद्र छतावरून येरझाऱ्या घालतो.
मी हसले.
मग हसता येईना.

तसराळं अजून आहे. काठाचं एनॅमल उडालंय.
बटाटे धुते त्यात.
परवा पुन्हा बसले, या वयात,
एका हातात फोन, गुडघे कुरकुरतायत.

दाखवायच्या दिवशी हॉल भरला.
निबाल्दोच्या सीगलना टाळ्या पडल्या.
यास्नाच्या वर्तुळापाशी कुणीतरी नाक ओढलं.
मग पडदा काळा झाला.
नगरपालिकेचा माणूस उठून वायर हलवू लागला,
त्याला मी बाही धरून खाली बसवलं.
काळोखात पाणी, आणि बाईंचा आवाज,
भाजीचा भाव विचारावा तसा:
समुद्राला दार नसतं.
पुढची अर्धी ओळ त्यांनी म्हटलीच नाही.

मागच्या रांगेत म्हातारे होते,
खाण बंद झाल्यावर उरलेले.
त्यातल्या एकानं हात वर केला.
मला वाटलं, प्रश्न आहे.
पण तो डोक्यावरची हवा चाचपत होता,
छत किती खाली आलंय ते बघत.

शेवटी नळ बंद होताना किरकिरला.
ते तीन सेकंद काप हं, बाईंनी बजावलं होतं,
नाहीतर लोकांना कळेल, नळच होता.
कापतो म्हटलं होतं मी.
राहून गेलं.

दिवे लागले.
म्हाताऱ्याचा हात अजून वरच.