पंपावरचा माणूस

सेरो दे पास्कोत पाणी लवकर उकळतं
आणि बटाटा तरी उशिरा शिजतो.
एवढ्यावरून उंची समजून घ्या.

तायता फेर्मीन कार्वारिक्रा
दर चार महिन्यांनी दवाखान्यात येतात,
लोकरीची टोपी गुडघ्यावर ठेवतात
आणि मी न सांगताच बाही वर सारतात.
ओठ जांभळ्या मक्याच्या दाण्यासारखे.
नखंही तशीच. डोळ्यांत तांबडी जाळी.
"कानांत काय?"
"पंप. रात्रभर."

मी रिपोर्ट उघडते, सांगते,
तायता, तुमची मूत्रपिंडं फार काळजी करतात.
पाठीमागे बसलेल्या दोन आत्या त्या.
हवा विरळ आहे हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं.
हाडांना निरोप धाडतात:
पोराला श्वास पुरत नाही, वाढवा.
हाडं आज्ञाधारक.
आत मज्जेत भट्टी पेटलेलीच,
तांबड्या पेशींचे घाण्यामागून घाणे.
पुन्हा निरोप. पुन्हा घाणा.
कुणीच म्हणत नाही, पुरे.

आणि हे सगळं ओढायचं कुणी?
मुठीएवढ्या त्या एकट्या गड्यानं.
पाणी उपसायला कामाला लागला होता,
आता काकवी उपसतोय.

ते ऐकतात. मग हसतात.
खाणीत एकतीस वर्षं पंपावर होते,
तिसऱ्या पातळीवर, जिथे डोंगर सतत पाझरतो.
"पंपाला बोल लावू नकोस, सेनाइदा.
गाळ आला म्हणून आम्ही पंप नाही बदलला कधी.
वर जाऊन बघायचो, गाळ येतो कुठून."

कुठून येतो?
मी सुई टोचते.
रक्त नळीत उतरायलाही वेळ घेतं,
नाराज पाहुण्यासारखं.
अर्धा लिटर काढायला त्यांनी मला
एका मेंढीचं अख्खं बाळंतपण सांगितलं.
तिची जुळी उभी राहिली तेव्हा पिशवी भरली.
"डोकं हलकं झालं," म्हणाले.
चार महिन्यांसाठी.

गाळ काळजीतून येतो, तायता.
आणि काळजी या उंचीतून.
औषध एकच आहे, ते बाटलीत मिळत नाही:
खाली उतरा.

जून संपता संपता उतरले एकदाचे.
वानुकोला लेकीकडे, नेलीदाकडे,
जिथे अंगणात लिंबू लागतं आणि हवा
ताटात वाढल्यासारखी समोर असते.
आत्यांनी म्हणे पहिल्याच आठवड्यात निरोप थांबवले.
भट्टी मंदावली.
जुन्या पेशी आपापल्या मुदतीनं गेल्या,
नव्या मोजक्याच आल्या.

आणि सप्टेंबरात, रात्री दोन वाजता, फोन.
"सेनाइदा, काहीतरी बिघडलंय."
"छातीत दुखतंय?"
"नाही."
"दम?"
"नाही गं. ऐकू येत नाही तो.
अंथरुणावर पडलो की नुसती शांतता.
खाणीत पंप थांबला
की झोपलेला माणूस ताडकन उठायचा.
तसा उठतो मी. रोज."

काय सांगणार होते मी?
की चांगलं चाललेलं हृदय
घरातल्या त्या माणसासारखं असतं,
ज्याला कुणी विचारत नाही, जेवलास का?
नाही सांगितलं. रात्रीचे दोन वाजले होते.
म्हटलं, दोन बोटं मनगटावर ठेवा,
अंगठ्याच्या बाजूला. दाबू नका.
सापडलं?
मग मोजा. मी घड्याळ बघते.

फोनमध्ये म्हातारा आवाज, एक, दोन,
मध्येच केचुआत, मध्येच स्पॅनिशमध्ये,
कुठेतरी कुत्रं भुंकलं, ते चुकले,
मागे गेले, पुन्हा धरलं.
अडुसष्ट.
"चालू आहे," म्हणाले,
पाळी संपवून दुसऱ्याच्या हाती पंप देताना
म्हणत असतील, त्याच आवाजात.

ठेवतील फोन असं वाटलं.
ठेवला नाही.
"तिकडे गारठा कसा आहे?"
"आहे."
"आणि तुझे ओठ गं, सेनाइदा?
मागच्या खेपेला बघितले होते मी."

लिपस्टिक होती, म्हटलं.