मोठा बी, छोटा बी

निपाणीच्या विडी कामगार पतसंस्थेत
तिसऱ्या टेबलापाशी भागव्वा खोत म्हणाली,
"पैसं न्हाईत असं म्हणत न्हाई तुझा कंप्युटर.
मीच न्हाई म्हणूलाय बघ की."

मी बेळगावहून सातच्या बसनं आलेलो.
प्रोग्राम माझाच.
तिचं नाव नातवानं फोनवर घातलेलं,
आणि फोन भारी शहाणा,
पहिलं अक्षर आपणहून मोठं करतो,
जसा लग्नात कुणी न विचारता
आपल्याला फेटा बांधतो.
इथं कारकुनानं तेच नाव सगळं बारीक मारलं.

यंत्र प्रामाणिक.
मोठा बी सहासष्ट नंबरचा,
छोटा अठ्ठ्याण्णवचा.
मधल्या बत्तीस घरांत
कुणी कुणाला ओळखत नाही.

हे तिला कसं सांगू?
तिच्या मराठीत मोठा ब नाही.
शेजारी तंबाखू झटकत बसलेल्या
काशव्वाच्या कानडीतही नाही.
ज्या दोन लिप्यांवरून इथं
पाट्या उतरतात, पाट्या चढतात,
त्या एवढ्यापुरत्या सख्ख्या बहिणी.

दुपारी डबा उघडा ठेवून हुडकत बसलो.
अकराशे नावांत सत्तेचाळीस जोड्या.
बहुतेक एकच बाई, दोनदा.
सोपं वाटलं:
शोधताना दोन्हीकडचं लहान करायचं,
ठेवताना जसं आलं तसं ठेवायचं,
आणि यापुढं लहान केल्यावर जुळणारं
दुसरं नाव घ्यायचंच नाही.
नातवाचा फेटा राहू दे तिच्या डोक्यावर.

पण एका जोडीवर माझा घास थांबला.
अक्काताई आणि अक्काताई.
एकीचा ए मोठा, एकीचा छोटा,
दोघी वेगळ्या, दोघी जित्या,
एकीच्या नावावर शिलाई मशिनचं कर्ज,
एकीची सहा वर्षांची ठेव.
एका ओळीत दोन्ही नावं लहान झाली असती
आणि ठेव गुपचूप कर्जात गेली असती.
एंटरवरचं बोट मी उचललं.

निरोप धाडला. दोघी आल्या,
हाताला पानांचा वास.
म्हटलं, एकीला नाव बदलावं लागंल.
थोरली म्हणाली, "तिचं असू दे, ती आधी आलीया."
धाकटी म्हणाली, "मोठी तू हाईस की."
कोण मोठी, कोण छोटी,
यावर अर्धा तास गेला.
मॅनेजर घड्याळाकडं बघत राहिला.

शेवटी थोरलीच म्हणाली,
"मला अक्कोळची लाव, हिला बोरगावची.
माहेर काय कुणी बारीक करत न्हाई."

मी टाइप केलं.
साडेपाचची बस तेवढ्यात गेली.