तंग

रविवारी सकाळी दहाला विंग्रजी खेळ असायचा.
दौलूतात्या मला घेऊन बसायचे
पडद्याच्या इतक्या जवळ
की घोडा दौडला की माझ्या नाकात धूळ जायची.

तो गडी गातच यायचा.
पांढरी टोपी, बुटाला चांदणी, पाठीवर गिटार.
मारामारी झाली तरी टोपी जागची हलायची नाही,
आणि धूर विरायच्या आत पुन्हा गाणं,
गुरांना, चंद्राला, मळेवाल्याच्या पोरीला.
मागून कुणीतरी ओरडायचं,
"आरं गातूस काय, चोर निघालं की लांब!"

तात्या गाणं ऐकत नव्हते.
खोगीर बघत होते.
"म्होरं शिंग काढलंय बघ, दोर गुंडाळाय.
टाका दुहेरी. दोरा मेणाचा."
अंधारात त्यांचं बोट हवेत टाके मोजायचं.

संस्थान विलीन झालं ते कागदावर, एका सहीनं.
पापाच्या तिकटीजवळ, आमच्या दुकानात
ते सावकाश होत राहिलं:
पागेतून जिनं यायची थांबली, मग लगाम,
मग टांगेवाले उधारीवर पट्टे शिवून नेऊ लागले,
शेवटी सायकलींच्या सिटा.
आरी तीच.

एका रविवारी गडी चांदण्यात निघाला.
तोंड पडदाभर. मागनं डोंगर सरकतायत, निवडुंग सरकतायत.
तात्या पुढं झुकले,
मुठीत धोतराचा सोगा आवळून, थांबलेले,
तंग कसताना थांबतात तसे.
(घोडं लबाड. पोट फुगवून धरतं.
आपण घाई करायची न्हाई.
कायतरी बोलत ऱ्हायचं त्याच्याशी.
सुस्कारा सोडलं की मग वढायचं, एक भोक म्होरं.)

गाणं संपलं. मूठ सुटली नाही.
"श्वासच घेत न्हाई त्ये," तात्या म्हणाले.
"कोण?"
"घोडं. तंग हालंना बघ. लाकडावर बसवलंय गड्याला."
आणि महाद्वारात आल्यावर, बऱ्याच वेळानं:
"आवाज बरा हाय पर त्येचा."

त्या उन्हाळ्यात त्यांनी तसलं खोगीर शिवलं.
शिंगासकट. कुणी सांगितलं नव्हतं.
आमच्या बाकावर ते चार महिने होतं,
गल्लीतली पोरं पाळीनं बसून
न कळणारी गाणी म्हणायची.

मग स्टुडिओतला माणूस आला.
घोडा नको, म्हणाला, बाकच बरा,
मागं पडदा सरकवू.
तात्यांनी पैसे मोजून घेतले,
खोगीर उलटं केलं, तंग सोडवला.
"ह्यो तुमाला लागायचा न्हाई."

तो अजून खिळ्याला आहे.
नऊ भोकं. चौथं ओढून ओढून लांबट झालेलं.
खोगीर तर कोरं होतं.
तंग कुठल्या घोड्याचा,
ते विचारायचं राहिलं.