फट

बोझदाला थांब्यापासून चौदा किलोमीटर रूळ
कुलपाशच्या वाट्याचा.
थांब्यावर तीन घरं, एक विहीर, दोन उंट.
पुढे कझाखस्तानचं गवतच गवत;
नजर टेकवायला दुसरं काही नाही
म्हणून ती रुळावर टेकते.

खिशात लोखंडी पाचर, मिलिमीटरच्या खुणांची.
दर पंचवीस मीटरवर दोन रुळांमध्ये फट.
तिच्यात पाचर घालायची, आकडा बघायचा,
वहीत टिपायचा.
एकवीस वर्षांच्या वह्या
चुलीमागच्या पेटीत दोरीने बांधून ठेवल्यात.

जानेवारीत, उणे अडतीसला,
फटीत करंगळी मावते
(हातमोजा काढायची छाती असेल तर).
जुलैत त्याच जागी
चहाच्या पुड्याचा कागदसुद्धा शिरत नाही.

एका अंशाला तीन केस, म्हणायचा
तिला काम शिकवणारा म्हातारा साबितझान.
माणसाचे तीन, घोड्याचे दोन.
बोल्ट आवळताना तो तिचा पाना मध्येच धरायचा:
"घट्ट, पण गच्च नाही, पोरी.
लोखंडाला आळोखेपिळोखे द्यायला जागा ठेव."
का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

ते मोल्दिरने सांगितलं,
करागंडाच्या कॉलेजातून सुट्टीला आली तेव्हा.
जेवणं झाल्यावर तिने ताटात कुर्त ओतले,
वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे, दगडासारखे,
एकाला एक चिकटवून, रांगेने, पार कडेपर्यंत.
"आई, हा तुझा रूळ."
ताट जरासं हलवलं.
गोळे जागच्या जागी थरथरले,
कुणी शेजार सोडला नाही.
"हा हिवाळा."
मग जोरात हलवलं.
गोळे एकमेकांना कोपरं मारू लागले,
प्रत्येकाला थोडी जास्त जागा हवी झाली,
आख्खी रांग कडेवर सरकली
आणि शेवटचा टुणकन खाली.
मांजराने हुंगला, सोडून दिला.

"गोळे मोठे नाही झाले," कुलपाश म्हणाली.
"नाही. नुसते अस्वस्थ झाले."
"आणि फारच थंडी पडली, तर? थांबतात?"
"कमी होतात. अगदी थांबणं त्यांना जमत नाही."

येर्सायन गेला त्या हिवाळ्यात
कुलपाश नऊ दिवस भिंतीकडे तोंड करून पडली होती.
बायका म्हणाल्या, लाकूड झालीये.
हे ती मोल्दिरला बोलली नाही.
ताटातला एक कुर्त उचलून
तिने तोंडात टाकला.

एप्रिलमध्ये जोडणारे आले, पिवळ्या डब्यातून,
डोळ्यांवर काळ्या काचा, हातात आग.
पंचवीस-पंचवीस मीटरचे बत्तीस तुकडे
एका दिवसात एकच तुकडा.
"फटच नाही," तिने मुकादमाला विचारलं,
"मग उन्हाळ्यात हा जाईल कुठे?"
"कुठेच नाही," गेनादी म्हणाला,
"स्लीपर धरून ठेवतात, खडी धरून ठेवते.
ताण आतच राहतो."
"आतच," ती म्हणाली,
नावडत्या व्याह्याचं नाव घ्यावं तशी.

पाचर जमा करायची होती.
हरवली, असं लिहून तिने सही केली.

आज जुलै, एक्केचाळीस अंश.
मालगाडी येते आणि जाते,
खटक-खटक नाही,
इतकी मुकाट की उंटही मान वळवत नाहीत.
कुलपाश वाकते, एक डोळा मिटून
रूळ कुठे कुशीला वळलाय का बघते.
नाही. सरळ आहे, चकाकतोय.
आत सगळे जागच्या जागी,
शेजाऱ्याला धरून,
आणि एकही जण स्वस्थ नाही.

खिशातली पाचर मांडीला चटका देते.
ती वही काढते, तारीख लिहिते,
आकड्याची जागा
मोकळी ठेवते.