चार बोटं तांबं

पापाच्या तिकटीमागं, दोन चपलांच्या दुकानांच्या फटीत
अण्णाप्पा कासारांचं काम चालायचं.
एक ऐरण, एक भाता, आणि भिंतीकडेनं बंब,
ठोकून ठोकून अंगभर पैशाएवढे उजेड पडलेले.

मी नववी नापास. हाताखाली.
दोन वेळचा चहा आणि शिव्या.

नवं गिऱ्हाईक बंब बघून हसायचं :
वरून थंड ओतायचं, आणि तोटीतून कढत येणार? कसं काय?
अण्णाप्पा बोलायचे नाहीत.
कळशी उचलायचे, नरसाळ्यात रिती करायचे.
तोटी आधी खाकरायची,
मग वाफ, मग धार.
गिऱ्हाईक हात मागं घ्यायचं.

त्या दिवाळीच्या घाईत नळी कमी पडली.
नरसाळ्यापासून तळापर्यंत जाते ती,
आतली, कुणाला न दिसणारी.
मी चारच बोटं ठेवली, वर झाळ दिली,
उरलेली दुसऱ्या बंबाला लावली.
दिसणार कुणाला.

दिसलं गंगावेशीतल्या इंगवले काकूंना.
पाडव्यानंतर रिक्षात बंब घालून आल्या :
"अभ्यंगाला पोरं कुडकुडली माझी.
ह्यो बंब हाय का माठ?"

अण्णाप्पांनी नरसाळ्यात बोट घातलं.
बोटाला नळीचा शेवट लागला.
माझ्याकडं बघितलं नाही.
शेजारच्या हॉटेलातून काचेचे दोन ग्लास मागवले,
दोन्हींत कढत पाणी.
तांब्यातल्या गार पाण्यात नीळ कालवली,
परड्यातून पपईचा पोकळ देठ तोडून आणला.

पहिल्या ग्लासात देठ तळापर्यंत धरला
आणि त्यातून निळं सोडलं, हळू.
निळं खाली बसलं.
नितळ वर सरकलं, काठावरून सांडलं, माझ्या बोटाला चटका.
मधे रेघ, लुगड्याच्या काठासारखी.

दुसऱ्यात देठ वरच धरला.
निळं जड, ते बुडायला निघालं,
आणि जाता जाता वाटेतल्या सगळ्यांना धरून घेऊन गेलं.
जरा वेळानं ग्लासभर एकच फिकट निळं,
ना धड ऊन, ना धड गार.

"गार पाणी जड असतंय," अण्णाप्पा म्हणाले,
"त्येला गुमान तळाला पोचवायचं.
वरच सोडलंस, तर बुडताना समद्यांना मिठ्या मारतंय."

मला विज्ञानाचं एकच पान येत होतं. तेवढं म्हणालो :
चार अंशांपर्यंतच जड होतं, अण्णा.
त्याच्या खाली गेलं की पुन्हा हलकं व्हायला लागतं.
म्हणून बर्फ तरंगतो. म्हणून थंड मुलखात
तळं वरनं गोठतं, आणि खाली मासे जगतात.

"कुठं बघितलंस?"
पुस्तकात.
"नापास झालास त्येच?"

पण दुपारी रसाच्या गाड्यावर
ग्लासातला बर्फ त्यांनी बोटानं दाबला.
वर आला.
पुन्हा दाबला.
बर्फ संपेस्तोवर दाबत होते. रस तसाच.

मग डिसेंबरात, पहाटे, मला उठवून रंकाळ्यावर.
पायरीवर उकिडवे बसले, कोपरापर्यंत हात पाण्यात.
पलीकडं कुणीतरी म्हशी आणत होतं, घंटा ऐकू येत होत्या,
म्हशी दिसत नव्हत्या.
"ह्ये किती अंश?"
मला काय माहीत. अठरा असेल. वीस असेल.
"म्हंजे चार लई लांब," हात धोतराला पुसत म्हणाले,
"आपल्याला नुसतं जडच होत जायचंय."
उठताना माझ्या खांद्यावर भार दिला. पहिल्यांदाच.

आता माझ्या घरी गिझर आहे.
थंड खालून शिरतं, कढत वरून निघतं,
पांढऱ्या टोपणाखाली. कुणी हसत नाही.

काकूंच्या बंबातून काढलेलं ते चार बोटं तांबं
त्यांनी माझ्या खिशात टाकलं होतं, पगार म्हणून.
किल्ल्यांना अडकवलंय.
फुंकलं तर वाजतं,
धार येण्याआधी तोटी खाकरायची
तसं.