सोळा अँपिअर

कुताइसी. चौथा मजला. जिन्यात बर्फाचे बूट.
त्सिआलानं दार उघडलं तसा आधी वास आला,
खवट, मासळीसारखा.
"शेजारी तळत असतील," म्हणाली.
शेजारचं घर कधीपासून कुलूपबंद.

भिंतीतली तार ॲल्युमिनियमची, अडीच चौरस मिलिमीटर,
माझ्याहून वयानं मोठी.
तिच्या एकटीवर दोन हीटर, ओव्हन, गिझर.
हात ठेवला तर भिंत
ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखी.

पेटी उघडली. चिनी मातीच्या फ्यूजमध्ये
असायला हवी केसाएवढी तार,
तिथे पिळून बसवलेला तांब्याचा जाड तुकडा.
हा वितळणार नाही.
ह्याच्याआधी घर जाईल.

"वार्लामनं बसवलाय," ती म्हणाली.
"तेव्हा दिवसाला दोन तास वीज यायची,
कधी येईल त्याचा नेम नाही.
आली की सगळं एकदम लावायचं,
पाव, पाणी, बाळाची खोली.
त्यात फ्यूज उडून कसं चालेल?"

मी नियम सांगायला तोंड उघडलं होतं.
पक्कड हातात धरून उभा राहिलो जरा.

मग नवी केबल ओढली, ओव्हनला वेगळी, गिझरला वेगळी.
हीटरांना सोळा अँपिअरचा एमसीबी.
जुना तुकडा तिनं मागून घेतला,
बटणांच्या डब्यात टाकला.

रात्री फोन.
"गेली! दोन्ही हीटर लावले नि गेली!"
जणू मीच नेली.
छान, म्हणालो.
आता एक बंद करा,
आणि खटका वर.